दिवाळीआधीची कोठी

नंदुरबार जिल्ह्यात घरातला साठा पिकाच्या मागोमाग येतो. गहू आणि दादर ज्वारी होळीच्या आगेमागे, उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबड्या आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचा आमचूर, पाऊस ओसरताना मूग-उडीद, दिवाळीच्या सुमारास नवापूरकडचा नवा भात आणि शेंगा, हिवाळ्यात मिरची, संक्रांतीच्या आसपास तूर. म्हणून दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरात दोन गोष्टी एकदम घडतात. वर्षाचा जुना साठा चार महिन्यांचा दमट पावसाळा काढून तळाला आलेला असतो, आणि त्याच फळ्यांवर फराळासाठी रवा, बेसन, पोहे, साखर, डाळवं, तेल यांची नवी भर येऊन पडते. जुन्यातली कीड नव्यात जाते ती याच दिवसांत.

पुढच्या संवादातली आत्या शहाद्याला शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाली आहे. भाचीचं नंदुरबार शहरात नवं घर आहे आणि तिची स्वतःच्या स्वयंपाकघरातली ही पहिली दिवाळी.

भाची : आत्या, दिवाळीला तीन आठवडे राहिले. आधी डबे नवे आणू की सामान भरून टाकू?

आत्या : दोन्ही नको. आधी रिकामं कर. एका वेळी एकच फळी. सगळं स्वयंपाकघर एकाच दिवशी जमिनीवर मांडलं की संध्याकाळी दमून तू ते होतं तसं परत ठेवशील. फळी रिकामी झाली की डबा उघडायचा, वास घ्यायचा, ताटात थोडं ओतून बघायचं. जे चांगलं आहे ते एका बाजूला, जे फराळाच्या आधी संपवायचं ते ओट्यावर समोर, आणि जे गेलं ते लगेच घराबाहेर. किडकं पीठ कचऱ्याच्या डब्यात घालून डबा ओट्याखालीच ठेवला, तर किडे रात्रीतून परत फळीवर येतात.

भाची : पण पावसाळ्यात तर मी डबे घट्ट लावून ठेवले होते.

आत्या : घट्ट डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही. धान्यात आधीच असलेली ओल मात्र तो तशीच धरून ठेवतो. गहू, ज्वारी, तांदूळ यांत ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, डाळींत ९-१० टक्के, शेंगदाण्यात त्याहूनही कमी. एवढं कोरडं धान्य बंद डब्यात महिनोन्महिने टिकतं. त्यापेक्षा जास्त ओल असली की बुरशी वाढते, किड्यांचं फावतं, आणि धान्य स्वतःही उबतं. कोठीत हात घातल्यावर मध्यभागी ऊब लागली, तर समजायचं की आत काहीतरी वाढतंय.

भाची : टक्के घरात कसे मोजणार?

आत्या : मिठाने. काचेची कोरडी बाटली घे. तिच्यात वाटीभर धान्य टाक आणि तव्यावर गरम करून गार केलेलं दोन चमचे मीठ घाल. झाकण लावून मिनिटभर चांगली हलव आणि थोडा वेळ ठेवून दे. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. ते धान्य भरून ठेवायचं नाही, आधी उन्हात घालायचं. मीठ सुटं राहून तळाशी बसलं, तर धान्य बऱ्यापैकी कोरडं आहे. मग दाताखाली दाणा धरून बघ. कट्‌कन तुटला तर ठीक, चेपला गेला तर अजून एक ऊन दे. आपल्या बायका दाताखाली धरूनच पारखतात आणि ते चुकत नाही, पण नव्या माणसाला मिठाची खूण डोळ्यांनी दिसते.

भाची : ऑक्टोबरचं ऊन पुरतं का?

आत्या : ओल काढायला पुरतं. किडे मारायला एप्रिल-मेचं लागतं. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवर पातळ पसरलेलं धान्य त्याहून कितीतरी जास्त तापतं, म्हणून वर्षाचा गहू उन्हाळ्यात वाळवून भरतात. ऑक्टोबरात दुपारचे तीन-चार तास पसरलंस तरी चालेल, पण ऊन उतरायच्या आत उचल, कारण संध्याकाळी दव पडायला लागतं. आणि उचललेलं धान्य गरम असताना कोठीत भरू नकोस. रात्रभर घरात कापडावर गार होऊ दे आणि सकाळी भर. गरम धान्य बंद केलं की आतली वाफ झाकणाला थेंब धरते आणि वरचा थर ओला होतो. वाळवण्याची सगळी मेहनत तिथे वाया जाते.

भाची : किडे येतात कुठून? डबा तर बंद होता.

आत्या : बहुतेक वेळा दाण्याच्या पोटात बसून घरात येतात. सोंडे गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालतात आणि भोक बुजवून टाकतात. अळी आतल्या आत वाढते, म्हणून निवडताना ती दिसतच नाही. ऊबदार, दमट हवेत अंड्यापासून किडा व्हायला महिनाभर लागतो आणि एक मादी शेकड्याने अंडी घालते. जुलैत चार सोंडे असले तर दिवाळीपर्यंत तीन पिढ्या होतात. कडधान्याचा भुंगेरा वेगळा. तो अख्ख्या मुगावर, मठावर, हरभऱ्यावर पांढरी ठिपक्यासारखी अंडी चिकटवतो, आणि गोल भोक दिसतं तेव्हा किडा बाहेर पडलेला असतो. डाळ केली की त्याची सोय जाते. म्हणून अख्खं कडधान्य थोडं आणि डाळ जास्त, असा साठा सोपा पडतो.

पिठातला तांबडा भुंगेरा फार झाला तर पिठाला गुलाबीसर छटा आणि उग्र वास येतो. ते पीठ चाळून वापरायचं नाही, टाकायचं. रव्यात, पोह्यांत, सुक्या मेव्यात जाळी दिसली तर ती पाकोळीच्या अळ्यांची. या अळ्या कोश करायला डबा सोडून वर चढतात. म्हणून फळी साफ करताना फळीच्या खालची बाजू, भिंत आणि छताचा कोपरा, झाकणाचे आटे, चिकटवलेल्या कागदाची घडी, ही ठिकाणं सुकी घासून पुसायची. डबा लख्ख धुतला आणि झाकणाच्या आट्यात पिठाची रेघ राहिली, तर सगळं पुन्हा सुरू होतं.

भाची : लवंग, कडुनिंब, बिब्बा, एरंडेल, बोरिक पावडर... ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो.

आत्या : त्यांची किंमत सारखी नाही. तेल खरोखर काम करतं. दहा किलो अख्ख्या कडधान्याला साधारण ५० मिली एरंडेल हाताने चोळलं की दाण्यावर पातळ थर बसतो, भुंगेऱ्याची अंडी नीट चिकटत नाहीत आणि चिकटली तरी गुदमरतात. कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, लवंगा, बिब्बा यांचा वास किड्यांना थोडा दूर ठेवतो, पण आत शिरलेला किडा त्याने मरत नाही. घालायचं तर कोरड्या, स्वच्छ धान्यात घाल. ओल्या धान्यावर तो इलाज नाही, आणि ओला पाला घातलास तर उलट ओल वाढवशील. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, म्हणून तो फडक्यात बांधून ठेव आणि मुलांच्या हाती लागू देऊ नकोस.

बोरिक पावडर खायच्या धान्याला लावू नये. गहू आपण धुऊन दळत नाही, ती सरळ पोटात जाते. आणि शेतीच्या दुकानातल्या धुरीच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो. गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायची ती गोष्ट आहे. स्वयंपाकघराला लागूनच झोपण्याची जागा असलेल्या घरात तिला थारा देऊ नये.

रवा, मैदा, बेसन अशा थोड्या मालासाठी शहरातल्या घरात फ्रीझर उत्तम. उणे १८ अंशांवर पुडा चार दिवस ठेवला की अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पुडा लगेच फोडायचा नाही. खोलीइतका कोमट होऊ द्यायचा, नाहीतर हवेतली वाफ गार रव्यावर बसते. फ्रीझर नसेल तर रवा कोरडा भाजून, पूर्ण गार करून ठेव. लाडवाला तो लागणारच आहे.

भाची : मग डबे कसले घेऊ? बाजारात एकसारख्या पारदर्शक बरण्यांचे संच लागलेत.

आत्या : घरात काय आहे ते आधी मोज. बहुतेक घरांत डबे पुरेसे असतात, झाकणं हरवलेली असतात. जास्त साठ्याला पत्र्याची किंवा स्टीलची कोठी. ती जमिनीला आणि भिंतीला टेकू द्यायची नाही. खाली लाकडी फळी किंवा विटा, भिंतीपासून हाताच्या पंजाएवढं अंतर. गार भिंतीला पत्रा टेकला की आतून ओल धरतो. रोजच्या वापराला मांडणीवरचे स्टीलचे डबे. लोणच्याला चिनीमातीची किंवा काचेची बरणी, कारण आंबट आणि खारट वस्तू पितळेत, ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवत नाहीत. पितळेचे जुने डबे कोरड्या धान्याला चांगले, बाकी कशाला वापरायचे तर कल्हई करून. रंगाच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बादल्या कितीही धुतल्या तरी धान्याला नको.

पारदर्शक बरणी दिसायला छान आणि काय संपलं ते कळतं, पण उजेडाने मिरची-हळदीचा रंग उडतो आणि तेलकट वस्तू लवकर खवट होतात. त्या बरण्या साबुदाणा, शेवया, कडधान्यांना ठेव. मसाले आणि तेल अंधारात.

भाची : मांडणीवर कोणता डबा कुठे?

आत्या : जे रोज लागतं ते डोळ्यांपासून कमरेपर्यंतच्या उंचीत. जड ते खाली. तेलाचा १५ किलोचा डबा स्टुलावर चढून काढायचा नाही, हे लक्षात ठेव. गॅसच्या डोक्यावरच्या फळीवर मसाले ठेवायची सगळ्यांना सवय असते आणि मसाल्यांना तीच जागा सगळ्यात वाईट, कारण तिथे उष्णताही लागते आणि वाफही. तिथे ताटं, चाळण्या ठेव. फराळाचं सामान पंधरा दिवसांपुरतं येणार, त्याला एक वेगळी फळीच दे. रवा जुन्या रव्याच्या डब्यात ओतायचा नाही. डब्यातला आधी संपव किंवा बाहेर काढ, डबा धुऊन उन्हात वाळव आणि मग नवा भर. वर नवा आणि तळाला गेल्या वर्षीचा, अशा डब्यात तळातला कधीच संपत नाही.

प्रत्येक डब्यावर महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटव. नाव लिहिलं नाही तरी चालेल, पीठ उघडल्यावर ओळखता येतं. ते कधीचं आहे हे ओळखता येत नाही.

भाची : आपल्याकडे रेशनचंही धान्य येतं. सासूबाईंच्या गावी तर बहुतेक घरं त्यावरच आहेत.

आत्या : त्या घरांना साठवणुकीचा विचार जास्त करावा लागतो, कारण धान्य एकरकमी येतं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. ते पोत्यातून आलेलं असतं, गोदामात किती दिवस होतं ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून रेशनचा तांदूळ-गहू घरच्या धान्यात मिसळायचा नाही. आला की पसरून बघायचा, ऊन द्यायचं, वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि तो आधी संपवायचा. २०२२च्या दिवाळीला राज्य सरकारने शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला होता, त्यात एक-एक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल होतं. अशा सामानात रवा सगळ्यात नाजूक, तो पहिल्या आठवड्यात वापरायचा. साखर कितीही थांबते.

भाची : सातपुड्यातल्या गावांत कोठ्या दिसत नाहीत, कणग्या असतात. त्यात धान्य टिकतं?

आत्या : चांगलं टिकतं. बांबूची विणलेली कणगी शेण-मातीने आतून-बाहेरून सारवतात, तिचं तोंड बंद करतात. सारवण सुकलं की भेगा बुजतात आणि आत-बाहेर हवा फार खेळत नाही. बियाण्याचा मका कणसासकट चुलीच्या वर आढ्याला टांगतात. धूर आणि ऊब यांमुळे तो कोरडा राहतो आणि किडे फिरकत नाहीत. कडधान्याच्या बियाण्याला राख लावतात. बारीक राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर घासते, त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं आणि तो मरतो. राख पूर्ण कोरडी, चाळलेली हवी, एवढंच. आता तज्ज्ञ हवाबंद पिशव्यांची शिफारस करतात, त्यामागचं तत्त्व सारवलेल्या कणगीच्या जवळचंच आहे. हवा आत जाऊ दिली नाही की किडे आतला प्राणवायू संपवतात आणि मग तेच मरतात. मात्र पिशवी काठोकाठ भरून, हवा दाबून काढून बांधली तरच हे होतं. अर्धी रिकामी पिशवी बांधून उपयोग नाही.

धडगाव-अक्कलकुव्याच्या घरांत हा प्रश्न दिवाळीनंतर आणखी कठीण होतो. हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात, काही घरं होळीपर्यंत बंद असतात. होळी हा तिथला सगळ्यात मोठा सण, तेव्हा माणसं परततात. मधले चार-पाच महिने कणगी बघायला कोणी नसतं. जाण्याआधी धान्याला ऊन देणं, कणगी पुन्हा सारवणं, खाली उंदीर शिरणार नाही अशा उंचीवर तिचे टेकू ठेवणं, बियाणं खायच्या धान्यापासून वेगळं बांधणं, एवढं झालं तर होळीला घरात पेरणीचं बियाणं शाबूत मिळतं. साठवणुकीवरच्या शहरी सल्ल्यांत या घरांचा विचार कुणी करत नाही, आणि खरी गरज तिथेच आहे.

भाची : फराळाचं काम कुठून सुरू करू?

आत्या : जे आधी करून ठेवता येतं तिथून. अनारशाचं पीठ सगळ्यात आधी. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर सावलीत आंबट-ओले होईपर्यंत वाळवायचे, दळून गूळ मिसळायचा आणि गोळे करून बरणीत ठेवायचे. ते आठवडाभर मुरायला हवेत. साठवताना चांगली होणारी अशी गोष्ट फराळात ही एकच. मग चकलीची भाजणी भाजून ठेव.

दळायला दिवाळीच्या आठ दिवस आधी जाऊ नकोस, गिरणीत रांगा लागतात आणि कोणाचं काय दळलं गेलं ते कळत नाही. गिरणीवाल्याला विचार, आधी काय दळलं. बेसन गव्हाच्या मागून घेतलं तर पहिल्या मूठभर पिठात गहू येतोच. ते पहिलं पीठ वेगळ्या पिशवीत घे आणि भाकरी-थालीपिठाला वापर. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या मागून भाजणी चालेल, लाडवाचं बेसन नाही. आणि पीठ गिरणीतून गरम निघतं. डबा घरी आणल्यावर झाकण उघड, पीठ परातीत किंवा कापडावर पसर, पूर्ण गार झाल्यावर भर. गरम पीठ तसंच राहिलं तर चार दिवसांत गाठी धरतं, आणि लोकांना वाटतं बेसन जुनं दिलं. बाजरीचं पीठ तर आठवड्यापुरतंच आण. तिच्या दाण्यातला स्निग्ध अंश दळल्यावर लवकर कडवटतो.

भाची : तेल किती घेऊ?

आत्या : तळणाला लागेल तेवढंच. मोठा डबा उघडल्यावर तेलाचा हवेशी संबंध येतो आणि दर दिवशी ते थोडं थोडं खराब होत जातं. डबा घेतलाच तर लहान, कोरड्या, झाकणाच्या भांड्यांत काठोकाठ भरून अंधारात ठेव आणि एकावेळी एकच उघड. तळताना आधी शंकरपाळे, करंज्या, मग चकली आणि शेव, मिरची-मसाल्याचं शेवटी. उलट केलंस तर करंजीला तिखटाचा वास लागेल.

उरलेलं तळणाचं तेल गाळून फोडणीला दोन-चार दिवसांत संपव. नव्या तेलात ओतू नकोस. हलवाई, हॉटेलवाल्यांना १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तेलातली खराब झालेली संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. घरात मोजायचं यंत्र नसतं, पण खुणा आहेत. तेल काळपट आणि चिकट झालं, घाणा टाकल्यावर फेस वर येऊन उतरतच नाही, किंवा मंद आचेवरही धूर निघतो, की ते तेल संपलं.

भाची : आणि केलेला फराळ? गेल्या वर्षी आईकडची चकली चार दिवसांत मऊ पडली.

आत्या : एक तर ती आतून ओली असताना काढली, नाहीतर गरम असताना भरली. घाण्यातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली तळायची, कारण बुडबुडे म्हणजे तिच्यातलं पाणी बाहेर पडतंय. मग चाळणीत उभी ठेवून पूर्ण गार. चिवड्याचे पातळ पोहे आधी उन्हात कडकडीत करून घे. खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे घेताना एक दाणा खाऊन बघ. एक खवट मूठ सगळ्या चिवड्याला वास लावते. शेंगदाण्यावर हिरवट-काळसर बुरशी दिसली तर निवडून वापरू नकोस, सगळा पुडा टाक. त्या बुरशीचं विष तळल्याने जात नाही.

डब्यात वर्तमानपत्र घालायची सवय सोड. छपाईची शाई तेलात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच त्याबद्दल इशारा दिला आहे. पांढरा कोरा कागद किंवा धुतलेलं सुती फडकं घाल. गोड, तिखट आणि लसणाचं वेगवेगळ्या डब्यांत. मोठा डबा रोज उघडायचा नाही. चार दिवसांचं लहान डब्यात काढायचं आणि मोठा बंद ठेवायचा. हात ओला असेल तर डब्यात जाऊ द्यायचा नाही, पाहुण्यांच्या मुलांचासुद्धा. खव्याचं जे काही असेल ते फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपव. ओल्या नारळाच्या करंज्याही तशाच. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या, बेसनाचे लाडू, शंकरपाळे पंधरा-वीस दिवस सहज राहतात. आपल्याकडे पाहुण्यांची ये-जा दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेपर्यंत चालते, तेव्हा सगळा फराळ एकदम करून ठेवण्यापेक्षा भाजणी आणि बेसन राखून ठेवून मार्गशीर्षात दुसरा घाणा काढावा. ताजं होतं आणि डबेही अडत नाहीत.

भाची : तूरडाळ आणि मिरची दिवाळीच्या वाणसामानातच वर्षाची भरून टाकू का? एकदाचं काम होईल.

आत्या : अजिबात नको. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण दिवाळीला दुकानात जी आहे ती गेल्या हंगामातली. नवी तूर संक्रांतीच्या आसपास निघते, मग तिची डाळ होते. वर्षाची भरायची तर तेव्हा. आता दोन-तीन किलो पुरे.

मिरचीचं तर त्याहून जास्त जपायला हवं. दसऱ्यानंतर बाजार समितीत ओली लाल मिरची यायला लागते आणि शहराबाहेरच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या लाल होतात, ते बघून मोह होतो. पण सुरुवातीच्या मालात ओल जास्त, आणि त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा माल भिजतो. भिजून वाळलेली मिरची वरून लाल दिसते. देठ मोडून उभी फाड. आत बियांच्या जागी राखाडी-काळी भुकटी असेल, तर ती बुरशी. पांढरट डागांची फटकी मिरची स्वस्त मिळते, तिखट करायला ती घेऊ नये. चांगली मिरची हातात घेतली की बिया खुळखुळतात, वाकवली की तुटते, देठ जागचा हलत नाही. तिखट कुटून आणलं की गार करून, खडा हिंग घालून, काळोख्या जागी घट्ट बरणीत दाबून भरायचं. वरून हवा कमी राहिली पाहिजे.

भाची : म्हणजे मिरचीची कोठी दिवाळीला रिकामीच ठेवायची?

आत्या : धुऊन, उन्हात वाळवून, झाकण उघडं टाकून रिकामी ठेव. गेल्या वर्षीचं तिखट उरलं असेल तर शेवेत आणि चिवड्यात संपव. नंदुरबारच्या बाजारात मिरचीची आवक फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. घरची वर्षाची मिरची त्या शेवटच्या दोन महिन्यांत, पथारीवर पूर्ण वाळलेली बघून घ्यावी.